सोपी वाट आणि रानाचा वाटा

डोंगरातल्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानात सपाट, मध्ये मध्ये बाक असलेली, कुणालाही चालता येईल अशी पायवाट करायचं घाटलं, की वाद पेटतो आणि दरवेळी तो त्याच दोन खुंट्यांना बांधलेला असतो. एक बाजू म्हणते, निसर्ग सगळ्यांचा आहे, वाट करा. दुसरी म्हणते, इथेही बागच करायची असेल तर याला रान कशाला म्हणता? पहिल्या बाजूच्या बोलण्यात प्राणी कुठेच नसतात. असलेच तर माहितीफलकावरच्या चित्रात. दुसऱ्या बाजूच्या बोलण्यात प्राणी सतत असतात, पण थोडं खरवडलं की खाली वेगळीच तक्रार सापडते: मी घाम गाळून जिथे पोचतो, तिथे बाकीच्यांनी सहज येऊ नये. दोघांचंही डोंगरावर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण वाट सोपी असावी की अवघड, यावर भांडताना दोघंही प्राण्यांचा प्रश्न बाजूला ठेवतात. वाट कुठून जाते, किती लांब आहे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी बंद असते, आणि माणसं ती सोडून भटकतात का, यावर प्राण्यांचं जगणं ठरतं. चालणारा धापा टाकतोय की निवांत आहे, याने हरणाला काहीच फरक पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. डोंगरी उद्यानांत सोप्या वाटा हव्यात. मोजक्या, आखीव, वर्षातले काही आठवडे आणि दिवसातले काही तास बंद राहणाऱ्या, पण ज्या सोप्या म्हणायच्या त्या खरोखर सोप्या. आणि ही मागणी मी माणसांवर दया म्हणून करत नाही. नीट आखलेली सोपी वाट हे रान राखण्याचं एक चांगलं साधन आहे, असं माझं मत आहे.

‘सोपी’ म्हणजे काय, हे आधी ठरवू, कारण या शब्दावरूनच निम्मा गोंधळ होतो. विरोधकांच्या डोळ्यांसमोर लगेच डांबर, कठडे, आइस्क्रीमच्या गाड्या येतात. अमेरिकेत संघराज्याच्या ताब्यातल्या जमिनींवरच्या सुगम पायवाटांसाठी २०१३ साली निकष ठरले. त्यात वाटेची किमान रुंदी ९१ सेंटीमीटर आहे. चढ ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर, असेल तर कितीही अंतर चालतो. त्याहून तीव्र चढ थोड्या थोड्या अंतरापुरताच. पृष्ठभाग घट्ट हवा, डांबरीच हवा असं नाही. म्हणजे चाकांची खुर्ची जाईल अशी वाट एका मीटरहूनही अरुंद असू शकते. याउलट ज्या अवघड, खड्या वाटांचं कौतुक होतं, त्यांची रुंदी कधी मोजून पाहावी. वाटा आखणाऱ्यांमध्ये एक जुना आडाखा आहे: वाटेचा चढ डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. तो मोडला की पावसाचं पाणी वाटेला आडवं ओलांडून खाली न जाता वाटेलाच ओढा करून वाहतं. माती जाते, दगड उघडे पडतात, पाय घसरतो. मग माणसं कडेच्या गवतावरून चालतात, तिथेही घसरण होते, की आणखी कडेने. काही वर्षांत एका वाटेच्या चार होतात. थेट माथा गाठणारी ‘अस्सल’ वाट डोंगराला जेवढं खाते, तेवढं वळणावळणाने सावकाश चढणारी वाट खात नाही. चालायला सोपं ते बऱ्याचदा मातीलाही सोसवतं.

जपानमधल्या ओझे इथल्या उंचावरच्या दलदलीची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या फुलांची कीर्ती पसरली आणि गर्दी लोटली. आयामेदायरा नावाचा तिथला एक उंच, सुंदर पट्टा १९५० आणि ६०च्या दशकांत पायाखाली तुडवला जाऊन अक्षरशः उघडी माती झाला. त्या माणसांनी काही वाईट केलं नव्हतं. ती फक्त चालली होती. तो पट्टा पुन्हा हिरवा करण्याचं काम त्यानंतर अनेक दशकं चाललं. आज ओझेत दलदलीवरून लाकडी फळ्यांच्या वाटा जातात. जोडफळ्यांवरून एक रांग जाते, एक येते, लहान मुलंही चालतात, म्हातारेही. फळीवरून पाय खाली टाकायचा नाही, एवढाच नियम. या फळ्या पर्यटकांच्या सोयीसाठी घातलेलं बांधकाम म्हणायच्या, की दलदलीला घातलेलं चिलखत?

आता विरोधकांच्या बाजूने जे सगळ्यात बळकट आहे ते मांडते, कारण ते टाळून केलेला कुठलाही युक्तिवाद पोकळ राहील. आपण शांतपणे चालतो, काही तोडत नाही, कुणाला मारत नाही, म्हणून आपला काही त्रास नाही, ही चालणाऱ्यांची समजूत खोटी आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या २८ राखीव क्षेत्रांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. जिथे लोकांना फिरायला मुभा होती तिथे मूळच्या मांसाहारी प्राण्यांची घनता, मुभा नसलेल्या शेजारच्या क्षेत्रांपेक्षा सुमारे पाचपट कमी आढळली. तिथे ना शिकार होती, ना मोटारी. होती ती फक्त शांत भटकंती. २०१८ साली सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्रजातींवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की माणसांचा वावर वाढला की प्राणी दिवसाचं जगणं रात्रीकडे ढकलतात. आणि हे शिकारी माणसापुरतं नव्हतं, नुसत्या पायी फिरणाऱ्यामुळेही होत होतं. रात्री वावरणं म्हणजे वेगळं अन्न, वेगळे शत्रू, पिल्लांसाठी वेगळे धोके. कॅमेऱ्यात प्राणी दिसला नाही म्हणून आपण हळहळतो. तो आपल्यामुळे उपाशीपोटी अंधाराची वाट बघत बसला असेल, हे आपल्या मनात येत नाही.

हे सगळं मला मान्य आहे. मग यातून अवघड वाटांची बाजू कशी सिद्ध होते? या अभ्यासांनी जे दाखवलं ते असं की कुठलीही वाट, सोपी असो की कठीण, रानाच्या हिश्शातून काहीतरी घेते. तेव्हा हिशेब किलोमीटरचा आणि वाट सोडणाऱ्या पावलांचा व्हायला हवा. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेकमध्ये अँटेलोप आयलंड नावाचं डोंगराळ बेट आहे. तिथे बायसन, प्रॉन्गहॉर्न (हरणासारखा एक प्राणी) आणि म्यूल हरिण यांच्यावर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाटेवरून चालणारा माणूस शंभर मीटरच्या आत असला तर प्राणी उठून पळण्याची शक्यता ७० टक्के निघाली. तोच माणूस वाट सोडून चालत असेल तर शंभर मीटरच्या आतलं म्यूल हरिण पळण्याची शक्यता ९६ टक्के, आणि ती ७० टक्क्यांवर यायला ३९० मीटर अंतर लागलं. म्हणजे ठरलेल्या वाटेवरचा माणूस हरणाला जेवढा त्रास देतो, तेवढाच आडवाटेने जाणारा जवळपास चौपट अंतरावरून देतो. याच अभ्यासात भेट देणाऱ्यांना विचारलं, तेव्हा निम्म्या लोकांना आपल्यामुळे प्राण्यांना काही त्रास होतो असं वाटतच नव्हतं.

या आकड्यांनी एक साधं गणित करून पाहू. वाटेच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरचा पट्टा प्राण्यांनी सोडला असं धरलं, तर एक किलोमीटर वाट म्हणजे वीस हेक्टर रान गेलं. दोन किलोमीटरचा सोपा फेरा चाळीस हेक्टर घेतो, आणि त्यावरून दिवसभरात पन्नास माणसं गेली काय किंवा पाचशे गेली काय, तो पट्टा साधारण तेवढाच राहतो. कड्याच्या धारेने जाणारी पंधरा किलोमीटरची अवघड वाट तीनशे हेक्टर घेते, आणि त्यावरून दिवसाला वीसच माणसं जात असतात. शिवाय हे वीस जण पहाटे डोक्याला दिवा बांधून निघतात, म्हणजे प्राण्यांच्या चरण्याच्या वेळी. पाण्यासाठी, फोटोसाठी, जवळच्या रस्त्यासाठी वाट सोडतात. आणि ज्या उंच, एकान्त जागा प्राण्यांचा शेवटचा आसरा असतात तिथेच पोचतात. हा आरोप नाही, मीही त्या विसांतली होते. पण कमी माणसं म्हणजे कमी त्रास, हे समीकरण मला तेव्हा जितकं उघड वाटायचं तितकं आज वाटत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्विस नॅशनल पार्ककडे बघावं. १ ऑगस्ट १९१४ला, महायुद्ध युरोपला गिळत असताना, ते सुरू झालं. साधारण १७० चौरस किलोमीटरचा हा आल्प्सचा तुकडा. त्यात सुमारे शंभर किलोमीटर खुणा केलेल्या वाटा आहेत, आणि वाट सोडायला सक्त मनाई. कुत्रा साखळीला बांधूनसुद्धा आणता येत नाही. रात्री उघड्यावर मुक्काम टाकता येत नाही. हिवाळ्यात, जेव्हा प्राण्यांना अंगातली ताकद पुरवून पुरवून वापरायची असते, तेव्हा उद्यान माणसांना बंद. तिथल्या सगळ्या वाटा सोप्या नाहीत, डोंगरातल्याच आहेत. पण शिस्त सगळ्यांना सारखी. १९२०मध्ये तिथे आयबेक्स, म्हणजे लांब वाकड्या शिंगांचे रानबकरे, परत आणले गेले, १९९१मध्ये दाढीवाली गिधाडं सोडण्यात आली. आजही लोक वाटेवर बसून दुर्बिणीतून समोरच्या उतारावरचे आयबेक्स आणि शामवा नावाच्या डोंगरी बकऱ्या निवांत पाहतात, खारीच्या कुळातले मार्मोट वाटेच्या कडेला शिट्ट्या घालत असतात. माणूस कुठे असणार हे प्राण्यांना शंभर वर्षांत पाठ झालं आहे. ठरल्या जागी, ठरल्या वेळी येणाऱ्या माणसाभोवती प्राण्याला आपला दिवस मांडता येतो. कुठूनही उगवणाऱ्या माणसापुढे तो हतबल असतो.

स्वित्झर्लंडमधून आयबेक्स संपले होते, मग परत आणायला ते उरले कुठे होते? इटलीत, ग्रान पाराडिझोच्या डोंगरात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समध्ये शंभरही आयबेक्स उरले नव्हते. १८५६मध्ये राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने तिथे स्वतःच्या शिकारीसाठी रान राखून ठेवलं, आणि राजाला घोड्यावरून आरामात जाता यावं म्हणून डोंगरभर सौम्य चढाच्या, दगडी बांधाच्या खेचरवाटा करवून घेतल्या. पुढे राजघराण्याने ते रान देशाला दिलं आणि १९२२मध्ये इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. ज्या वाटा शिकारीसाठी झाल्या त्याच वाटांवरून मग वनरक्षकांनी गस्त घातली, आणि आज कुटुंबंच्या कुटुंबं चालतात. शिकाऱ्याच्या सुखासाठी केलेला चढ आज चालणाऱ्याच्या गुडघ्यांना सोसतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. सोपी वाट ही काही पर्यटन खात्याने परवा काढलेली टूम नाही. पूर्वी ती राजाला होती, एवढाच फरक.

आता एक आक्षेप असा आहे, की त्याला माझ्याकडे संपूर्ण उत्तर नाही. डोंगरात सपाट जमीन फार थोडी असते, आणि तीच प्राण्यांनाही हवी असते. दरीचा तळ, ओढ्याकाठची गवताळ पट्टी, तळ्याचा काठ: पाणी तिथे, कोवळा चारा तिथे, हिवाळ्यात बर्फ कमी तिथे. चाकांच्या खुर्चीला जी जागा सोयीची, तीच गाभण हरिणीलाही. अवघड वाटेवर अशी टक्कर कमी होते, हे खरं आहे. यावर ‘समतोल साधू’ असं म्हणून सुटका होत नाही. काही ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं. एखाद्या उद्यानात एकच ओलं कुरण असेल, तर तिथे वाट नको, कितीही सुंदर असली तरी. पण बहुतेक जुन्या उद्यानांत दरीच्या तळातून आधीच काहीतरी गेलेलं असतं: जुना बैलरस्ता, बंद पडलेली रेल्वे, वनखात्याचा कच्चा रस्ता. नव्या जागेला हात न लावता तोच पट्टा चालण्यासाठी घ्यावा, तळ्याला पूर्ण फेरी न मारता एकच काठ माणसाला द्यावा आणि दुसरा कायमचा सोडावा, ओढ्याला वाट चिकटवण्याऐवजी थोडी वर ठेवून दोन-तीन ठिकाणीच खाली उतरवावी. हे आखणीचे निर्णय आहेत आणि कागदावर नकाशा असतानाच ते घ्यावे लागतात. वादात मात्र याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. सगळी ताकद ‘हो’ आणि ‘नाही’ यांतच खर्च होते.

माणसाळण्याचा मुद्दाही गंभीर आहे. प्राणी माणसाला सरावतो, भीती जाते, मग एक दिवस कुणाला तरी इजा होते आणि गोळी प्राण्याला बसते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास याचा सगळ्यात मोठा दाखला. तिथे अस्वलं रस्त्याकडेला उभी राहून मोटारींतून खाऊ घ्यायची, आणि एके काळी हॉटेलांच्या उकिरड्यांवर ती बघायला चक्क बाकं मांडलेली असत. १९३१ ते १९६९ या काळात तिथे अस्वलांमुळे वर्षाला सरासरी ४८ माणसं जखमी होत. १९७०च्या सुमारास उकिरडे बंद झाले, खाऊ घालण्यावरची बंदी खरोखर अमलात आली, आणि पुढे हा आकडा वर्षाला एकाच्या आसपास आला. या बदलाची किंमत अस्वलांनीच मोजली. त्या वर्षांत इतकी ग्रिझली अस्वलं मारली गेली की १९७५मध्ये त्यांना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. पण यात दोष कशाचा होता? माणसं दिसण्याचा, की माणसांकडून मिळणाऱ्या अन्नाचा? प्राणी माणसाच्या सवयीचा होणं वेगळं आणि माणसाच्या अन्नाला चटावणं वेगळं. दुसऱ्याची वाट बहुतेक वेळा मरणाकडे जाते. पहिलंही निरुपद्रवी नाही, हे मान्य करते. अमेरिकेतल्याच ग्लेशियर उद्यानातल्या लोगन खिंडीतल्या पांढऱ्या डोंगरी शेळ्या माणसांच्या जवळपास राहतात, कारण तिथे शिकारी प्राणी यायला बिचकतात आणि माणसांच्या मुतातलं मीठही चाटायला मिळतं. यलोस्टोनजवळच्या ग्रँड टीटन भागात मूस या मोठ्या हरणांच्या माद्या अस्वलांना चुकवून रस्त्याजवळ विणायला येतात, हे २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. माणूस नुसता उभा राहिला तरी तो कुणाच्या तरी बाजूने उभा असतो.

मग उपाय काय? अंतर, आणि त्या अंतराची सक्ती. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडगा यांच्यापासून ९१ मीटर, बाकी प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहायचं, असा नियम आहे. तो कुठे पाळून घेता येईल? बारा किलोमीटर आत, जिथे कुणी बघायला नाही, की दोन किलोमीटरच्या फेऱ्यावर, जिथे वनरक्षक दिवसातून चार वेळा येतो आणि जिथे चुकणाऱ्याला शेजारचा माणूसच टोकतो? केरळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात लोकांना राजमला या एकाच भागात सोडतात. उद्यानाच्या बसने नेतात, मग अरुंद डांबरी रस्त्यावरून थोडं चालायचं, रस्ता सोडायचा नाही. निलगिरी ताहर, म्हणजे तिथल्या डोंगरी रानबकऱ्या, कित्येकदा हाताच्या अंतरावर चरत असतात. पिल्लांच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो भागही बंद ठेवतात. साधारण ९७ चौरस किलोमीटरच्या उद्यानातला पर्यटकांना मिळालेला तुकडा केवढासा! बाकीचा सगळा गवताळ माथा आणि घळींतली शोलावनं ताहरांची. हाताच्या अंतरावरचा ताहर मला पूर्ण रुचतो असं नाही, ते अंतर वाढायला हवं असं वाटतं. पण आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका छोट्या पट्टीवरून ताहर बघून तृप्त होऊन परत जातात आणि मागचा डोंगर कुणी तुडवत नाही, हा सौदा रानाच्या फायद्याचा आहे.

‘आज पायवाट, उद्या रस्ता, परवा हॉटेल’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. असं घडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि ‘सगळ्यांसाठी निसर्ग’ म्हणणाऱ्यांनी याबद्दल आजवर फार बेफिकिरी दाखवली आहे. काचेचे पूल, दोरखंडी पाळणे, हृदयाच्या आकाराच्या चौकटी यांचा सुगमतेशी काही संबंध नाही. चालता न येणाऱ्या माणसाच्या नावावर ते खपवणं हा त्या माणसाचाच अपमान आहे. परंतु जिथे घसरण झाली तिथे पायवाटेने उद्यान बिघडवलं की मोटारीने? जपानमधल्या कामिकोचीच्या दरीत १९७५पासून खासगी गाड्यांना आळा घातला गेला. नदीकाठची सपाट वाट तशीच राहिली आणि माकडांचे कळप आजही त्या वाटेवरून माणसांकडे न बघता निघून जातात. अमेरिकेतल्या झायॉन उद्यानात २०००पासून हंगामात दरीत बसनेच जावं लागतं. कॅनडातल्या बॅन्फ उद्यानातल्या मोरेन तळ्यावर २०२३पासून स्वतःची गाडी नेता येत नाही. अलास्कातल्या डेनालीने तर १९७२मध्येच, नवा महामार्ग होऊन गर्दी लोटणार हे दिसताच, उद्यानातल्या रस्त्यावर पहिल्या २४ किलोमीटरच्या पुढे खासगी गाड्या रोखून बस आणल्या. गाडी रोखणं आणि वाट सोपी करणं या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. शेवटचे दोन किलोमीटर चालायला सोपे असतील, तरच लोक गाडी मागे ठेवायला तयार होतात.

या वादामागे एक फार जुना वाद दडलेला आहे, आणि तो कुणी कबूल करत नाही. १८४४मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये रेल्वे येणार म्हटल्यावर कवी वर्ड्‌स्वर्थने कडाडून विरोध केला. त्याचं म्हणणं होतं, अशा प्रदेशाची गोडी कळायला मनाची दीर्घ मशागत लागते. गिरण्यांतल्या कामगारांना गाडीत घालून इथे आणून सोडलं तर त्यांना काही लाभ नाही आणि प्रदेशाची हानी आहे. त्या प्रदेशाचं त्याच्याइतकं कौतुक फार थोड्यांनी केलं असेल, म्हणून तर हे वाचून वाईट वाटतं. रेल्वे १८४७मध्ये आलीच. पुढे १९३२च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये किंडर स्काउटच्या पठारावर काहीशे कामगार तरुण मनाई मोडून चढले. ते रान जमीनदारांनी शिकार करायच्या पक्ष्यांसाठी राखलेलं होतं आणि लोक आले तर पक्षी बिथरतील, हेच कारण दिलं जात होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये. प्राण्यांचं नाव पुढे करून माणसांना अडवण्याची ही परंपरा लक्षात ठेवावी लागते. आज जमीनदाराच्या जागी तंदुरुस्त गडी आहे, एवढंच. फुप्फुसांची ताकद हा रानात शिरण्याचा परवाना असेल, तर तो वर्ड्‌स्वर्थच्या मनाच्या मशागतीच्या परवान्याहून अधिक न्याय्य कसा?

माझ्या आईचे गुडघे गेले त्यानंतर मी तिच्याबरोबर अशा एका वाटेवर चालले. तोपर्यंत या वाटांना मी नाक मुरडत असे. तिला पाव किलोमीटरला अर्धा तास लागायचा, आणि प्रत्येक बाकावर बसायचं. पहिले दोन दिवस मी चुळबुळत होते. तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी आजवर डोंगरात प्राणी पाहिलेच नव्हते. पळताना त्यांच्या पाठी पाहिल्या होत्या. आईच्या वेगाने चाललं की पाखरं गप्प होत नाहीत. बसून राहिलं की विसाव्या मिनिटाला समोरच्या झुडपात काहीतरी हलतं, पंचविसाव्याला ते बाहेर येतं. आमच्या मागून येऊन पुढे निघून जाणाऱ्या, माथ्याकडे निघालेल्या तरुणांपैकी एकानेही ते पाहिलं नाही. वाट अवघड असली की निसर्गाशी नातं अधिक सखोल होतं, असं म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं: नजर पायाखालच्या दगडावर आणि मन माथ्यावर असताना, नातं नेमकं कुणाशी जुळतं?

आणि एक राजकीय वस्तुस्थिती आहे, ती कितीही रूक्ष वाटली तरी टाळता येत नाही. यलोस्टोनमधले लांडगे उद्यानाच्या स्वतःच्या माणसांनी मारले, शेवटचे १९२६मध्ये. सरकारी धोरणच तसं होतं आणि लांडग्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कुणी नव्हतं. १९९५मध्ये लांडगे परत आणले गेले. तेव्हापासून लामारच्या रुंद दरीत रस्त्याच्या कडेला दुर्बिणी लावून माणसं पहाटेपासून उभी असतात. त्यांत ऐंशीच्या बायका असतात, चाकांच्या खुर्चीतली मुलं असतात, आणि कुणीही अनोळखी माणूस आपली दुर्बीण पुढे करतो. लांडगे दीड-दोन किलोमीटरवर असतात, त्यांना या माणसांचं काही घेणंदेणं नसतं. उद्या पुन्हा कुणी लांडगे मारायला निघालं तर भांडायला पुढे येणाऱ्यांत ही रस्त्याकडेची माणसं असतील. ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याने रानासाठी का भांडावं?

तेव्हा यापुढे कुठल्याही डोंगरी उद्यानात नव्या सोप्या वाटेचा प्रस्ताव आला, की दोन्ही बाजूंनी आपापल्या घोषणा थोडा वेळ बाजूला ठेवाव्यात आणि नकाशा मागावा. कोणता काठ सोडलाय? विणीच्या दिवसांत कोण बंद करणार, कुठल्या अधिकाराने? गाड्या कुठे थांबणार? आणि या नव्या दोन किलोमीटरच्या बदल्यात वर माथ्यावरच्या कोणत्या चोरवाटा मोडून गवताला परत देणार? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी आजवर एकाही चर्चेत ऐकलेला नाही.

अमेरिकेतल्या रॉकी माउंटन उद्यानात दर शरद ऋतूत एल्क या मोठ्या हरणांचे नर माजावर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दरीतल्या मोठ्या कुरणांत उतरायला संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंदी असते. ही कुरणं सपाट आहेत, कुणालाही सहज चालता येतील अशी. आणि नेमक्या त्याच वेळी ती कुणालाच मिळत नाहीत, ना खुर्चीतल्या आजीला, ना दिवसभरात शिखर करून आलेल्या गड्याला. दोघंही रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी थांबतात. उजेड जातो, हरणांचे आकार गवतात विरघळतात, आणि मग अंधारातून त्या नराची शिट्टीसारखी लांब, चिरत जाणारी हाक येते. पलीकडच्या उतारावरून दुसरा तिला उत्तर देतो.